साठ ठोके

"सर, पडदे बाजूला केले तर चालतील?" पोरीने विचारलं.

तीस वर्षं मास्तर या स्टुडिओत चित्रपटांचं संगीत करत होते, आणि भिंतींवरचे हे जाड पडदे त्यांनीच लावून घेतले होते. पडद्यांशिवाय खोली घुमते. एक सूर विरायच्या आत पुढचा त्याच्या अंगावर येतो.

"कर," ते म्हणाले. "तुझी रचना, तुझा घोळ."

चित्रपट जुन्या काळातल्या दोन दरबारी संगीतकारांचा होता. एक अलौकिक, दुसरा त्याच्यावर जळणारा. जळणाऱ्याचं संगीत मास्तरांकडे आलं होतं. अलौकिकाचं या पोरीकडे, जिने सहा वर्षं त्यांच्या शेजारी बसून त्यांची पानं उलटली होती. सकाळी मास्तरांची रचना रेकॉर्ड झाली तेव्हा दिग्दर्शकाने मान डोलावली. "छान. अगदी हवी होती तशी." ते 'छान' मास्तरांना अजून सलत होतं.

वादकांपुढे उभं राहून हाताने लय द्यायला मात्र दोन्ही वेळा मास्तरच. पोरीला ते जमत नसे.

"चला मास्तर," काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट बोलला. "जळणारा झाला. आता ज्याच्यावर जळायचं तो येऊ द्या. चारला स्टुडिओ सोडायचाय."

व्हायोलिनवाल्या मावशी हसल्या. मास्तरही हसले.

पानाच्या माथ्यावर पोरीने लिहिलं होतं: मिनिटाला साठ ठोके. मास्तरांनी मनात बहात्तर धरले. लय थोडी उचलली की सुंदर गोष्ट नुसती छान होते, आणि त्यात कुणाला कुणाकडे बोट दाखवता येत नाही.

झालंही तसंच. सगळे सुरात होते, कुणी कुठे चुकलं नाही. काचेपलीकडे दिग्दर्शक मान डोलावत होता, सकाळसारखीच. पोरगी कोपऱ्यात खाली मान घालून बसली होती. तिचं बोट गुडघ्यावर ठोके देत होतं. साठ.

बाराव्या ओळीत मावशींचा लांब सूर थांबला, एक ठोका रिकामा गेला, आणि खर्जातला चेलो सुरू झाला. आधीचा विरायच्या आत सुरावर सूर चढला. सगळं गढूळ. मास्तरांना हेच हवं होतं. पण त्या गढूळपणाच्या तळाशी क्षणभर काहीतरी चमकलं.

त्यांनी हात थांबवला.

"पुन्हा घेऊ. चूक माझी. हात घाईत होता."

"अहो, छान चाललं होतं की," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"म्हणूनच थांबवलं."

त्यांनी पोरीच्या बोटाकडे पाहिलं, आणि तोच ठोका हातात घेतला.

बाराव्या ओळीत मावशींनी गज उचलला. सूर तारेवरून सुटला, पण खोलीत राहिला. उघड्या भिंतींवरून फिरत, मऊ होत, तो एका रिकाम्या ठोक्याएवढा खाली उतरला. नेमक्या त्या उंचीवर चेलो त्याला खालून येऊन मिळाला. दोघांच्या मधोमध तिसरा सूर उमलला.

तो कुणीच वाजवत नव्हतं. तो कागदावर नव्हता. मावशींनी गज हातात तसाच धरून छताकडे पाहिलं.

तीस वर्षं ज्या घुमण्याला मास्तर शिव्या देत आले होते, त्यालाच पोरीने वाद्य करून घेतलं होतं. त्यांच्या शेजारी बसून पानं उलटताना पोरगी पडद्यांआडची खोली ऐकत होती. मास्तरांच्या अंगावर काटा आला. सकाळचं ते 'छान' आता कुठे सलत नव्हतं. मास्तर जणू उरलेच नव्हते, उरले होते फक्त कान.

शेवटचा सूर सुटला. मास्तरांचे दोन्ही हात वर होते. ते खाली येईपर्यंत हलायचं नाही, हा रिवाज. वादक पुतळ्यासारखे बसून राहिले. पाच सेकंद गेले. दहा गेले. रेकॉर्डिंगचा लाल दिवा जळतच होता.

पोरगी हळूच जवळ आली. "सर, संपलं."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. हात वरच होते.

"मास्तर, हात खाली घ्या आता," रेकॉर्डिस्ट शेवटी बोलला. "इथे आवाजाचा काटा केव्हाच शून्यावर आलाय."

"काटा बघून घे तुझा," मास्तर अगदी हळू म्हणाले. "अजून वाजतंय."