जहाजावरची जाळी

ट्रकच्या फळीवरून गाडी अंगणात उतरली. म्हाताऱ्या मिस्त्रीने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"हीच," तो म्हणाला. "मीच बनवली. या हातांनी."

गाडी घेऊन आलेल्या भंगारभक्ताला आभाळ ठेंगणं झालं. हे नाव त्याच्या मित्रांनी ठेवलेलं, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नसे. कुणा कारागिराने पत्रा ठोकून एकुलती एक घडवलेली, मग सगळ्यांनी विसरलेली गाडी हुडकायची आणि तिची कुळकथा खणून काढायची, एवढाच त्याचा छंद. ही गाडी त्याला एका बंद वीटभट्टीच्या शेडमध्ये पोत्यांखाली सापडली. भट्टीच्या मालकाने ती तयार होताच उचलून नेली होती. त्यानंतर ती या अंगणात आजच परतत होती.

"आता एवढं सांगा," म्हणत तो गाडीच्या तोंडाशी उकिडवा बसला. "ही पुढची जाळी. उभ्या सळ्या, एकसारखं अंतर! आमच्या लोकांत हिच्यावरून हाणामारी तेवढी व्हायची बाकी आहे. मी म्हणतो, ही जहाजावरची. बरोबर?"

मिस्त्रीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. बायको चहाचा ट्रे घेऊन बाहेर येत होती.

"जहाजावरचीच," तो घाईने म्हणाला. "मोठं जहाज होतं."

"वाटलंच मला! आणि ही डावीकडची सळी तुम्ही मुद्दाम वाकवली. कारागिराची खूण. मी यावर लेख लिहिलाय."

"चांगलं केलंत. चला, आत बसू. ऊन फार आहे."

"फक्त खाली कापल्यासारखं दिसतंय. तो उरलेला तुकडा मिळाला असता ना, तर जन्माचं सार्थक झालं असतं. आणि मागच्या दिव्यांवर ही बारीक भोकांची झाकणं..."

"त्यांचं नंतर बघू," मिस्त्री म्हणाला.

बायकोने ट्रे बॉनेटवर ठेवला. ती वाकली आणि तिने त्या वाकड्या सळीवरून बोट फिरवलं.

"ही मी वाकवलीय," ती म्हणाली. "कढईचं झाकण बसत नव्हतं, दाबून बसवलं होतं. हे माझं ताटाळं आहे. बाबांनी दिलेलं."

"ताटाळं?" भंगारभक्ताचा आवाज चिरकला. "मग जहाज?"

"जहाज कसलं? ओट्यावर भिंतीला टांगलेलं होतं. अहो, बोला की!"

मिस्त्रीला घाम फुटला. "तू माहेरी होतीस. गिऱ्हाईक दारात उभं. गाडी सगळी झाली होती, तोंड तेवढं उघडं राहिलेलं. म्हटलं, तू यायच्या आत दुसरं ताटाळं आणून लावू. ते राहून गेलं."

"राहून गेलं? आणि मला काय सांगितलंत? वहिनींनी नेलं असेल!"

त्या एका वाक्याने या घराचे दोन भाग झाले होते. अंगणाच्या मधोमध भिंत उभी राहिली. ती मिस्त्रीनेच बांधली होती, मूग गिळून. पलीकडे थोरली जाऊ राहत होती. एकीच्या कुकरची शिट्टी दुसरीला ऐकू जायची, पण बोलणं नव्हतं. थोरले दीर गेले तेव्हाही धाकटी उंबऱ्याशी बसून तशीच परतली होती. आता ते आठवून तिला नवऱ्याचा संताप आला आणि स्वतःची लाज वाटली. लाज जास्त होती.

तिने स्टूल ओढलं, भिंतीशी लावलं आणि त्यावर चढून हाक मारली.

"ताई! ताई, ताटाळं सापडलं!"

पलीकडे भांडं घासण्याचा आवाज थांबला. थोड्या वेळाने फाटक करकरलं आणि काठी टेकत थोरली आत आली. तिने गाडीच्या तोंडाकडे पाहिलं, मग जावेकडे.

"माझं चुकलं हो ताई," धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

थोरली सावकाश गाडीभोवती फिरू लागली.

"वहिनी, मागे नका जाऊ," मिस्त्री घाबऱ्या घाबऱ्या म्हणाला. "पत्रा गंजलाय, लागेल."

थोरली मागे गेलीच. टक टक असं काहीतरी वाजलं.

"धाकटे, इकडे ये. ही माझी बारीक चाळण. आणि ही जाड."

दिव्यांवरची गोल झाकणं उन्हात निमूट चमकत होती.

"मला वाटायचं," थोरली म्हणाली, "माझ्या चाळण्या तूच लांबवल्यास आणि वर ताटाळ्याचा कांगावा केलास."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी कोण हसलं ते कळलं नाही, पण दोघींना हसता हसता गाडीचा आधार घ्यावा लागला. मिस्त्रीही हसायला गेला. तेव्हा त्या दोघी एकदमच थांबल्या.

"चल माझ्याकडे, चहा टाकते," थोरलीने जावेचा दंड धरला.

"अहो ताई, चहा केलाय मी, हा काय..."

"तो पिऊ दे भावोजींना. गार करून." फाटकाशी पोचल्यावर ती वळली. "आणि भावोजी, गाडी जोडता येते, तशी भिंतही पाडता येत असेल. आजच पाडा."

दोघी गेल्या. मिस्त्रीने भिंतीकडे पाहिलं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो भंगारभक्ताच्या कानाशी आला.

"ती पाडता येणार नाही हो," तो कुजबुजला. "ताटाळ्याचा उरलेला तुकडा आणि चाळण्यांच्या कडा मी तिच्यातच चिणल्यात. लपवायला दुसरी जागा नव्हती."

भंगारभक्त ताडकन उठला. त्याने शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"पहार कुठे ठेवलीय?"