वयाचे ठोके

"या वेळी घंटा राहू द्या," फादर म्हणाले. "देव काही रागावणार नाही."

घंटेकाका चर्चच्या मागच्या खोलीत बाकावर बसून होते. "अडतीस वर्षं सगळ्या पॅरिशला घंटा वाजवून निरोप दिला, फादर. माझ्याच लेकीला मुकाट्यानं पाठवू?"



पॅरिशची, म्हणजे त्या चर्चच्या वस्तीची, रीत जुनी होती. कुणी गेलं की मातीआधी घंटा व्हायची. जितकी वर्षं, तितके ठोके. लेक एकतीस वर्षांची होती. काल संध्याकाळी शाळेतून परतताना तिची स्कूटर ट्रकखाली आली. आज चारला अंत्यविधी होता आणि तिच्या आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

काकू दोन गल्ल्या पलीकडे अंथरुणाला खिळून होत्या. शुक्रवारी हृदयाचं ऑपरेशन होतं. तोवर एकही धक्का बसता कामा नये, नाहीतर माझ्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्यामुळे अख्खी पॅरिश खोटं बोलायला एका पायावर तयार झाली. काकूंचा फोन सकाळीच 'बिघडला'. शेजारच्या मावशी त्यांच्या उशाशी बसून होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दारातूनच वाटेला लावत होत्या. गायनवृंद दारं लावून खालच्या आवाजात गाणार होता. त्या मंडळींचं कशावर तरी एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ होती.

पण घंटेला दार लावता येत नाही. आणि काकू मोजायच्या.

उशाशी जुनं कॅलेंडर आणि पेन्सिल असायची. ठोका पडला की पाठकोऱ्या पानावर रेघ. "एक्याऐंशी. म्हणजे सुतारमामा सुटले," असं त्या म्हणायच्या आणि काका घरी पोचायच्या आधीच बातमी घरात पोचलेली असायची.

त्यांना हातही कळायचा. मागे काकांना न्यूमोनिया झाला, तेव्हा चर्चच्या माळ्यानं घंटा वाजवली. "भांडी पडल्यासारखी वाजवतो मेला," काकू म्हणाल्या होत्या. "तुमच्या दोन ठोक्यांमध्ये कसा एक अख्खा श्वास मावतो."

गेल्याच आठवड्यात काकांच्या वाढदिवसाला त्यांनी चिडवलंही होतं. "चौसष्ट पुरी झाली. आता तरी दोरी माळ्याच्या हातात द्या."

"दिली असती. पण तुलाच कानात बोटं घालून बसावं लागेल," काका म्हणाले होते.

"एकतीस वाजले की त्यांना कळणारच," भिंतीशी उभा असलेला जावई आता म्हणाला. दोन दिवसांची दाढी, अंगात कालचाच शर्ट. "त्या वयाचं इथे आजारी-बिजारी दुसरं आहे कोण?"

"एकतीसवर थांबणारच नाही मी," काका म्हणाले. "पुढे वाजवत राहीन. कुणीतरी म्हातारं माणूस गेलं म्हणेल आणि कूस बदलेल."



तीनला काका घरी गेले आणि धुतलेला शर्ट घातला.

"कुठे निघालात?" काकूंनी विचारलं.

"मोठ्या दवाखान्यात. तुझे रिपोर्ट आणायचेत. संध्याकाळ होईल."

"डोळे का लाल झालेत?"

"झोप झाली नाही."

काकूंनी त्यांना जवळ बोलावून शर्टाची कॉलर नीट केली. "हमरस्त्यानं सावकाश जा. ट्रकवाले माणसं बघत नाहीत हल्ली."

काका "बरं" म्हणाले. मावशींनी तोंड फिरवून पदरानं डोळे टिपले. काकूंनी ते पाहिलं.

चारला काकांनी दोरी धरली. एकतीसपर्यंत त्यांनी नीट मोजलं. सातव्या ठोक्याला लेकीचा पहिल्या कम्युनियनच्या विधीचा पांढरा झगा आठवला, चोविसाव्याला तिचं लग्न. एकतिसाव्यानंतर मोजायला काही उरलंच नाही. डोळ्यांपुढचं दिसेना. हातातून दोरी निसटायची, ते पुन्हा पकडायचे. एक ठोका दुसऱ्याला चिकटून पडायचा, मग कितीतरी वेळ काहीच नाही. आयुष्यात आकडा न चुकलेल्या माणसाला आपण किती वाजवले, ते सांगता आलं नसतं.

शेवटी फादरांनी खांद्यावर हात ठेवला. "पुरे, काका."

"किती झाले?"

"मोजले नाहीत मी. पण म्हाताऱ्या माणसाचे झाले. त्या निश्चिंत असतील."

लेकीला माती देऊन काका एकटेच निघाले. तळहात सोलवटले होते. रिपोर्ट उद्या मिळणार आहेत, हे वाक्य त्यांनी वाटेत चार-पाचदा म्हणून पाहिलं. 

घराचं दार सताड उघडं होतं. मावशी पायरीवर बसल्या होत्या. काकांना पाहून त्या उठायला गेल्या आणि परत खाली बसल्या.

"डॉक्टर येऊन गेले, भाऊ," त्या म्हणाल्या. "पण त्याआधीच सगळं संपलं होतं."

काका आत गेले. काकूंच्या अंगावर चादर ओढलेली होती आणि कॅलेंडर खाली जमिनीवर पडलं होतं. त्यांनी ते उचललं. सवयीनं रेघा मोजल्या. पाच-पाचच्या बारा जुड्या आणि शेवटी चार सुट्या रेघा.

"लेकीचं कुणी सांगितलं तिला?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही हो." मावशी दाराशी उभ्या होत्या. "तिचं तर नावही निघालं नाही. मी किती समजावलं, भाऊ येतीलच आता रिपोर्ट घेऊन. मला म्हणाल्या, मग तुम्ही सकाळपासून डोळे का पुसताय? पुढे माझं काही ऐकलंच नाही. रेघांवर बोट ठेवून एकच म्हणत राहिल्या, हात त्यांचा नाही, पण आकडा त्यांचाच आहे."