सासऱ्यांचा चार्जर

वर्षातून एकदा जावईबापूंची विजेवरची गाडी दारात लागली, की सासऱ्यांच्या आरामखुर्चीवर गदा यायची. त्यांच्या गावापर्यंत चार्जर अजून पोहोचलाच नव्हता आणि घरच्या प्लगवर गाडी मुंगीच्या पावलांनी चार्ज व्हायची. तोवर जावईबापू खुर्चीत, रिमोट त्यांच्या मुठीत आणि सासरे आपल्याच घरात स्टुलावर.

"निघालोच असतो हो बाबा, पण गाडी कुठे सोडतेय!" असं म्हणत मुक्काम लांबायचा. सासरे तापकऱ्याचा ताप बघावा तसा गाडीच्या चार्जिंगचा आकडा बघून यायचे.

"अहो, प्लग आहे तो, धबधबा नाही," सासूबाई हसायच्या.

यंदा मात्र सासरे पेटले. वीज कार्यालयाचे उंबरठे झिजवून, साहेबांचं डोकं खाऊन त्यांनी कोपऱ्यावर झटपट चार्जर बसवून घेतला. "काकांना पर्यावरणाची केवढी कळकळ!" म्हणून गावानं टाळ्या वाजवल्या.

पुढच्या खेपेला चहा संपेपर्यंत गाडी चार्ज झाली. जावईबापूंना गहिवरून आलं.


"चार्जर नव्हता म्हणून इतकी वर्षं मन मारत होतो हो, बाबा. आता दर शनिवारी येत जाऊ!"