बिनटाळ्यांचा वर्ग

विशेष मुलांना सगळ्यांसोबत कसं शिकवावं, यावर जिल्ह्याचे साहेब दुसरीच्या वर्गात स्पीकर लावून बोलत होते. पहिल्याच वाक्याला मैथिली कान दाबून बाकाखाली शिरली. कुंदाबाईंनी दोनदा आवाज कमी करायला सांगितलं. साहेबांनी नुसता हात झटकला.

भाषण संपल्यावर मुलांनी टाळ्यांऐवजी पंजे हवेत हलवले.

"टाळ्यासुद्धा शिकवल्या नाहीत?" साहेब तडकले.

"मोठा आवाज मैथिलीला सोसत नाही. मुलांनीच ही युक्ती काढलीय," बाई म्हणाल्या.

"मग तिला वेगळ्या शाळेत घाला. एकीपायी सगळ्यांना कशाला त्रास?"

कुंदाबाईंनी स्पीकरची पिन उपटली. "त्रास तिचा नाही झाला, साहेब. मेमो खुशाल पाठवा. आम्हाला कविता घ्यायचीय."

साहेब दारापर्यंत पोचेस्तोवर निम्मा वर्ग पुस्तकं घेऊन मैथिलीजवळ बाकांखाली जाऊन बसला होता.