ऐकायचा फळा

"आता या आलेखाकडे नीट बघा," मोबाइलमधून माझाच आवाज आला. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवलेला होता आणि सारजा भाकऱ्या थापत होती.

मुक्त विद्यापीठातले माझे अर्थशास्त्राचे विद्यार्थी व्हिडिओ अर्ध्यातच का सोडतात, हे शोधायला मी तिच्या घरी आले होते.

"कसं बघू, मॅडम? हात पिठात, नजर तव्यावर. तोंडानं सांगा की," ती म्हणाली. शेजारी शेंगा फोडणाऱ्या सासूबाईंनी मान डोलावली.

मला राग आला, पण मी सगळे तास नव्यानं रेकॉर्ड केले. भावाची रेघ कुठं चढते, कुठं उतरते, सगळं बोलून दाखवलं.

निकालादिवशी सारजाचा फोन आला. "फर्स्ट क्लासमध्ये पास झाले, मॅडम. थांबा, सासूबाईंना बोलायचंय."

"मीबी वर्षभर ऐकलंय सगळं," सासूबाई म्हणाल्या. "माझं नाव कधी घालताय?"