दोर नको

"सगळ्यात जाड साखळी काढ," चांगुणानं दुकानदार पोशाला सांगितलं, "आणि तिचं टोक बोटीला वेल्डिंगनं पक्कं करून दे. दोर नको."

तिचा मुलगा हरेश वैतागला. "आये, नांगराच्या साखळीचं टोक बोटीला दोरानंच बांधतात. वादळात नांगर ओढत बसायला उसंत नसते. कोयत्यानं दोर कापायचा आणि निघायचं."

"तेच नकोय मला! तुझ्या बापानं तेच केलं."

वादळात शेजारची बोट उलटलेली बघून हरेशच्या बापानं दोर कापला होता. तिकडे जाऊन त्यानं एकूण एक माणूस वर ओढून घेतला, आणि शेवटी स्वतःच लाटेबरोबर गेला.

पोशा हातातली कडी उगाच फिरवत राहिला. त्या दिवसानंतर समुद्र सोडून तो हे साखळ्यांचं दुकान टाकून बसला होता.

"वहिनी, देतो वेल्डिंग करून," तो खाली बघत म्हणाला. "पण तेव्हा दादाच्या बोटीला दोर नसता, तर साखळी विकायला मी नसतो."

"ठाऊक आहे. म्हणूनच इतकी वर्षं तुझ्या दुकानाची पायरी चढले नाही."

मग चांगुणानं कोपऱ्यातल्या वेटोळ्यातून दोर उपसला, दोन्ही हातांनी ताणून पाहिला आणि हरेशच्या अंगावर फेकला.

"हा घे. आणि बापाचा कोयता माळ्यावर गंजत पडलाय. त्याला धार लावून घे."