मागचं दार

"सगळी गल्ली ज्या पक्षाची आहे, त्याला मी मत देणार नाही," असं आमच्या ह्यांनी भर बैठकीत सांगितलं, आणि त्या दिवसापासून आमच्या पुढच्या दाराची बेल वाजायची बंद झाली. समोरची वहिनीसुद्धा मला बघितलं की ओले कपडे बादलीत तसेच टाकून आत जायची.

मागच्या दाराची गोष्ट वेगळी. भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना, चपला हातात घेऊन कोणी ना कोणी माझ्या स्वयंपाकघरात यायचं, चहा घ्यायचं आणि ह्यांना हळूच सांगायचं, "तुमचं अगदी पटतं हो. फक्त माझं नाव कुठे घेऊ नका." ह्यांनी कधी कोणाचं घेतलं नाही.

काल मात्र घोटाळा झाला. टेलरभाऊ ओट्याशी बसून चहा फुंकत होते, तेवढ्यात आमच्यावर बहिष्काराचा ठराव मांडणारे गल्लीच्या मंडळाचे अध्यक्षच आत आले. चपला हातात.

"मी ह्यांना समजवायला आलो होतो," टेलरभाऊ घाईघाईने म्हणाले.

"मीपण त्यासाठीच!" अध्यक्ष म्हणाले.



मग दोघांनी मिळून ह्यांना तासभर झापलं, आणि चपला पायात घालून, ताठ मानेने, पुढच्या दाराने बाहेर पडले.